बॉक्सवरचा ५जी आणि घरातली रेंज

२२ ऑगस्ट २००८ला आयफोन ३जी भारतात विक्रीला आला. ८ जीबीचा हँडसेट ३१ हजार रुपयांना. एअरटेल आणि व्होडाफोन दोघेही विकत होते. गंमत अशी की त्या दिवशी या देशात एकाही कंपनीची ३जी सेवा सुरू नव्हती. सरकारी एमटीएनएलची दिल्लीत सुरू झाली डिसेंबरात, आणि खासगी कंपन्यांना ३जीचा स्पेक्ट्रम, म्हणजे सिग्नलसाठीच्या लहरी वापरायचा हक्क, मिळाला तो थेट २०१०च्या लिलावात. ज्यांनी हौसेनं तो फोन घेतला, त्यांनी नावातल्या ३जीचे पैसे मोजून दोन वर्षं २जीवर काढली. कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. आपल्याकडे महागडा फोन खिशात असणं हेच निम्मं काम असतं.

हे आज आठवायचं कारण म्हणजे आमचा धंद्याचा मोसम. माझं सातारा जिल्ह्यातल्या पाटणला मोबाईलचं दुकान आहे. गणपती ते दिवाळी नवीन हँडसेटची रांग लागते, डिस्ट्रिब्युटर रोज नव्या स्कीमा सांगतो, आणि काउंटरवर येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, "दादा, फाइव्ह-जी हाय न्हवं?" मी हो म्हणतो. खोटं बोलत नाही, बॉक्सवर तसं छापलेलं असतं. पण त्या 'हो'ला किती अर्थ आहे, हे दुकानदार म्हणून मला माहीत आहे आणि गिऱ्हाइकाला माहीत नाही. धंद्याला मारक वाटलं तरी चालेल, आज स्पष्ट लिहितो.

माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडे फोन नेहमी उद्याच्या नेटवर्कच्या नावावर आज विकला जातो. ते नेटवर्क प्रत्यक्षात येईपर्यंत फोन जुना झालेला असतो, आणि मधल्या वाट पाहण्याचे पैसे गिऱ्हाईक भरतो.

५जीचंच बघा. भारतातला पहिला ५जी फोन म्हणून रिअलमी एक्स५० प्रो आला २४ फेब्रुवारी २०२०ला, ३७,९९९ रुपयांपासून. दुसऱ्याच दिवशी आयक्यू ३. पहिल्या नंबरासाठी एका दिवसाची चढाओढ! तेव्हा लिलाव सोडाच, ५जीच्या चाचण्यांनासुद्धा दूरसंचार खात्याची परवानगी मिळालेली नव्हती. ती मिळाली मे २०२१मध्ये. लिलाव झाला जुलै २०२२च्या शेवटी, आणि सेवेचं उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ला दिल्लीत. एअरटेलनं पहिल्या आठ शहरांत आपल्याकडची मुंबई आणि नागपूर घेतली, जिओनं दसऱ्याला मुंबईसह चार शहरांत चाचणी सुरू केली. फेब्रुवारी २०२०चा तो फोन तोवर अडीच वर्षांचा होऊन गेला होता. अडीच वर्षांत आमच्याकडच्या फोनची बॅटरी बदलून होते, काच एकदा तरी फुटते आणि पोरगा एक्स्चेंजचा भाव विचारायला आलेला असतो.

बरं, नेटवर्क आलं म्हणून काम झालं असंही नाही. आयफोन १२ ऑक्टोबर २०२०मध्ये ५जी म्हणून विकायला आला. २०२२च्या ऑक्टोबरात टॉवर चालू झाले तरी त्यात ५जी दिसेना, कारण भारतासाठी ते सॉफ्टवेअरमधून उघडलेलंच नव्हतं. सरकारनं हँडसेटवाल्यांना आणि टेलिकॉमवाल्यांना एकत्र बैठकीला बोलावलं. मग डिसेंबरात आयओएस १६.२ आलं आणि फोन जागे झाले. हार्डवेअर आत, पैसे आधीच भरलेले, आणि चावी कंपनीच्या हातात.

४जीच्या वेळी उलटा प्रकार झाला होता. त्याचा स्पेक्ट्रम २०१०लाच विकला गेला होता. एअरटेलनं एप्रिल २०१२मध्ये कोलकात्यात ४जी सुरू केलं, त्याच वर्षी पुण्यातही आणलं, पण त्यांच्या २३०० मेगाहर्ट्झच्या बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर, चालणारे फोनच बाजारात नव्हते. लोकांनी डोंगल लावले. नंतर ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं. त्यांच्याकडे २जी-३जी काहीच नव्हतं, त्यामुळे कॉलसुद्धा ४जीवरूनच, म्हणजे व्होल्टीवरून, जायचा. आणि गिऱ्हाइकाच्या हातातल्या कित्येक ४जी फोनांत व्होल्टी नव्हतं. इंटरनेट सुसाट, पण साधा फोन लागत नाही! त्या काळात आम्हा दुकानदारांचा अर्धा दिवस लोकांना कॉलसाठीचं वेगळं अॅप टाकून देण्यात जायचा. एका आजोबांनी मला विचारलं होतं, "फोन लावायला पण अॅप लागतंय, मग ह्यो फोन कशापायी घेतला?" याचं उत्तर तेव्हाही माझ्याकडे नव्हतं.

आता मुद्द्याचं. ५जी ही एक गोष्ट नाही. निदान तीन गोष्टी जुळाव्या लागतात, आणि बॉक्सवरच्या मोठ्या अक्षरात त्यातली एकही सांगत नाहीत.

आधी बँड. कमी वारंवारितेची लहर लांब जाते, भिंतीतून आत शिरते. जास्त वारंवारितेची लहर भरपूर डेटा वाहते पण लवकर थकते. लांबून मिरवणूक येताना आधी ढोल ऐकू येतो, ताशा जवळ आल्यावर, तसंच हे. आपल्याकडे ५जीचा मुख्य बँड आहे ३३०० मेगाहर्ट्झचा, फोनच्या माहितीत तो एन७८ म्हणून लिहिलेला असतो. शहरात टॉवर दाट असतात, तिथे तो झकास चालतो. आमच्याकडे मोरणेच्या नाहीतर केऱ्याच्या खोऱ्यात एक डोंगर आडवा आला की संपला. तिथे ७०० मेगाहर्ट्झ हवा, म्हणजे एन२८. त्याचा वेग कमी, पण पोच मोठी. २०२०-२१मध्ये ५जी म्हणून विकलेल्या बऱ्याच फोनांत एन७८ एवढा एकच बँड होता. म्हणजे गावाकडच्या माणसाला ज्या बँडचा उपयोग होणार, तोच गायब.

या ७०० मेगाहर्ट्झवर माझा खरा राग आहे, आणि तो हँडसेटवाल्यांवर नाही, सरकारवर आहे. २०१६च्या लिलावात याची राखीव किंमत, म्हणजे कमीत कमी बोली, ठेवली होती एका मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये. कुणी हात लावला नाही. २०२१मध्ये भाव उतरवला, तरीही कुणी घेतला नाही. २०२२मध्ये तो ३,९२७ कोटींवर आणला तेव्हा एकट्या जिओनं देशभरासाठी १० मेगाहर्ट्झ घेतला. डोंगरदऱ्यांत आणि खेड्यापाड्यांत सगळ्यात उपयोगी पडणारा स्पेक्ट्रम सहा वर्षं नुसता पडून राहिला, कारण तिजोरीला एकदम मोठा आकडा दिसायला हवा होता. २०२२च्या लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या म्हणून टाळ्या वाजल्या. तो आकडा शेवटी तुमच्या-माझ्या रिचार्जमधूनच वसूल होणार, हे कुणी बोललं नाही.

दुसरी गोष्ट एसए आणि एनएसएची. जिओनं ५जी स्वतंत्र उभं केलं, ते एसए. एअरटेलनं सुरुवात केली ती एनएसएनं, म्हणजे ५जी ४जीच्या आधारानं चालतं. दोन्ही पद्धतींना आपापले फायदे आहेत, त्यात मी पडत नाही. पण नोव्हेंबर २०२४मध्ये रेडमी ए४ ५जी आला, ८,४९९ रुपयांपासून. स्वस्तातला ५जी म्हणून गाजावाजा झाला. तो फक्त एसएवर ५जी पकडतो. म्हणजे एअरटेलचं एनएसए ५जी असलेल्या ठिकाणी एअरटेलचं सिमकार्ड टाकलं की तो ४जी फोन. कंपनीनं हे लपवलं नव्हतं, माहितीत लिहिलं होतं. पण ढेबेवाडीहून एसटीनं आलेला माणूस एसए-एनएसए वाचणार आहे का? तो बॉक्सवरचं '५जी' वाचतो आणि ऊसबिलाच्या पैशातनं फोन घेऊन जातो.

तिसरी गोष्ट पॅक. सुरुवातीला दीड-पावणेदोन वर्षं अमर्याद ५जी जवळपास फुकट होतं. जुलै २०२४मध्ये दर वाढले, आणि जिओ-एअरटेलनं अमर्याद ५जी दिवसाला २ जीबी किंवा त्यावरच्या पॅकलाच ठेवलं. दीड जीबीचा पॅक मारणाऱ्यानं ५जी फोन घेऊन काय मिळवलं, याचा हिशोब त्यानं स्वतःच करावा. माझ्याकडे रिचार्जला येणाऱ्यांत असेच लोक जास्त. त्याहून खाली ज्यांना फक्त कॉल लागतो ते आहेत, म्हातारी माणसं, रानात राबणारे. त्यांच्यासाठी ट्रायनं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेनं, डिसेंबर २०२४मध्ये नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं कंपन्यांना सक्तीचं केलं, ही अलीकडच्या काळातली सगळ्यात शहाणी गोष्ट. त्याची जाहिरात मात्र तुम्हाला कुठेच दिसणार नाही.

आणि एवढं सगळं जुळलं तरी टॉवरच्या पाठीमागं काय आहे, हा प्रश्न उरतोच. टॉवरपर्यंत फायबर आली नसेल आणि सगळा डेटा पुढच्या टॉवरकडे हवेतून ढकलायचा असेल, तर वर ५जीचं चिन्ह असून खाली व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो. गौरी-गणपतीत मुंबईकर गावाला आले की आमच्याकडचे लोक हा अनुभव दरवर्षी घेतात. माथाडीतली, गोदीतली माणसं पोराबाळांसह येतात, सगळ्यांच्या खिशात नवे फोन, आरतीच्या वेळी सगळेच व्हिडिओ कॉल लावतात. टॉवर तोच, वाटेकरी दहापट. शिव्या मात्र मला, "दादा, तू दिलेला फोन चालंना."

ऑस्ट्रेलियातलं एक प्रकरण सांगतो. २०१२मध्ये अॅपलनं तिथे आयपॅड 'वायफाय + ४जी' या नावानं विकला. तो तिथल्या ४जी नेटवर्कवर चालत नव्हता. ग्राहक आयोग कोर्टात गेला, आणि कोर्टानं अॅपलला साडेबावीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. कंपनीला त्याआधीच नाव बदलावं लागलं होतं, ग्राहकांना पैसे परत द्यायची तयारी दाखवावी लागली होती. आपल्याकडे अडीच वर्षं नेटवर्क नसताना ५जीचे हँडसेट विकले गेले आणि कुणी हूं की चूं केलं नाही. मी पण नाही केलं. विकले.

काहीजण म्हणतील, फोन चार-पाच वर्षं वापरायचा, मग पुढचं तंत्रज्ञान आधी आत असलं तर बिघडलं कुठं? मान्य आहे. आज ज्याच्या गावात ५जी आहे त्यानं १५ हजारांच्या वर ४जी फोन घ्यायचं काही कारण नाही, आणि तसे फोन आता फारसे मिळतही नाहीत. पण मग तसं सांगून विका. "सध्या तुमच्या गावात याचा उपयोग नाही, पुढं होईल" असं सांगा. आणि दहा हजारांच्या आतला फोन घेणाऱ्याला तर हे सांगायलाच हवं. त्या किमतीत ५जीची चिप बसवायची तर कुठंतरी काटछाट होते, बहुतेक वेळा रॅममध्ये नाहीतर पडद्यात. त्याच पैशात त्याला जास्त चांगला ४जी फोन मिळू शकतो.

मी तर म्हणतो बॉक्सच्या पुढच्या बाजूलाच, जिथे ५जी लिहिता तिथेच, कोणते बँड आणि एसए की एनएसए की दोन्ही, हे मराठीत छापायची सक्ती करा. बिस्किटाच्या पुड्यावर आत काय घातलंय ते छापावं लागतं, मग बारा हजारांच्या वस्तूवर का नको?

तोवर एक सोय आहे, ती फार कमी लोकांना माहीत आहे. ट्रायच्या नियमामुळे आता प्रत्येक कंपनीला आपल्या वेबसाइटवर नेटवर्कचा नकाशा द्यावा लागतो, २जी, ४जी, ५जी वेगवेगळं दाखवून. फोन घेण्याआधी तिथे आपलं गाव शोधा. आमच्या भागाचा नकाशा मी बघितला. वनकुसवडेच्या पठारावर रंग आहे आणि खाली खोऱ्यात ठिपके ठिपके आहेत, ते बऱ्यापैकी खरं आहे. पण हा नकाशा स्लॅबखालचं सांगत नाही. बाहेर ओसरीवर दोन काड्या आणि माजघरात शून्य, अशी घरं आमच्याकडे भरपूर.

बीएसएनएलबद्दलही लिहिलं पाहिजे, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच. त्यांचं स्वदेशी ४जी सप्टेंबर २०२५मध्ये ९७ हजारांहून जास्त टॉवरांसह देशाला अर्पण झालं. जग ५जीत असताना ४जी, म्हणून लोक हसले. मी नाही हसलो. आमच्या वरच्या अंगाला अशा वाड्या आहेत जिथे दुसऱ्या कुणाचीच रेंज नाही. तिथल्या माणसाला घरात बसून १०८ला फोन लागला तरी पुरे, त्याला वेगाच्या चाचणीचे आकडे नकोत. आणि आता ६जीच्या गप्पा सुरू झाल्या आहेत. ते तंत्रज्ञान २०३०च्या आसपास येईल म्हणतात. माझा अंदाज आहे की '६जी रेडी' लिहिलेला बॉक्स माझ्या काउंटरवर त्याच्या दोन वर्षं आधी येईल.

तर पाटण तालुक्यातल्या सगळ्यांना एक विनंती. तुमच्या गावाचं किंवा वाडीचं नाव, घरात (ओसरीवर नाही, घरात) कुठल्या कंपनीचं काय येतं, आणि फोन कोणता, एवढं कमेंटमध्ये लिहा. वांग, तारळे, कोयनेच्या काठची गावं, सगळीच. मी यादी करून दुकानाच्या दारावर लावणार आहे. फोन घ्यायला आलात की आधी ती यादी वाचायची, मग काउंटरवर यायचं.