न्यूयॉर्कचा आकडा

सप्टेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. अमेरिकेतल्या पॉवरबॉल लॉटरीचं पहिलं बक्षीस 1.787 अब्ज डॉलरवर गेलेलं, आणि मी टेक्सासात राहतो. "दादा, लाव की एक तिकीट. निम्मं तुझं, निम्मं भावकीचं," परभणीकडच्या मानवतहून धाकट्या चुलतभावाचा मेसेज. 6 तारखेच्या सोडतीत दोन तिकिटं लागली. एक मिसुरीत आणि दुसरं टेक्सासातल्या फ्रेडरिक्सबर्गला, माझ्या ऑस्टिनच्या घरापासून गाडीनं दीड तासावर. तेव्हापासून गावाच्या हिशेबी मी दीड तासानं हुकलेला माणूस आहे.

थट्टेतून वाद निघाला. पंधराच दिवस आधी केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला होता. त्याच्या महिनाभर आधी आपल्या राज्याच्या कृषिमंत्र्यांचा सभागृहात मोबाईलवर रमी चालू असल्याचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, असं ते सांगत राहिले आणि शेवटी त्यांना खातं मिळालं क्रीडा. यावर विनोद करायची माझी हिंमत नाही, गावातल्या पोरांनी आधीच सगळे करून टाकलेत. ग्रुपवर तरण्या पोरांचं म्हणणं असं, की तिकडं सरकारच तिकिटं विकतं, त्या पैशावर शाळा चालवतं, मग आपल्याकडंच बंदी कामून? केरळसारखी लॉटरी मोठी करा, ओणमला 500 रुपयांच्या तिकिटावर 25 कोटी देतात. आमचे निवृत्त मास्तरकाका एवढंच म्हणाले, "जुगार तो जुगार." मग सगळ्यांनी मला ओढलं. तू तिकडं आहेस, तू सांग.

सांगतो. टेक्सासात लॉटरीतून सुटणारा बराचसा पैसा शाळांच्या निधीत जातो, हे खरं. पण ही विक्रमी बक्षिसं नशिबानं फुगत नाहीत, फुगवलेली असतात. ऑक्टोबर 2015 मध्ये पॉवरबॉलवाल्यांनी सोडतीचे आकडे ज्यांवरून निघतात ते पांढरे चेंडू 59 चे 69 केले आणि लाल 35 चे 26. तोवर पहिलं बक्षीस लागायची शक्यता साडेसतरा कोटींत एक होती, ती 29 कोटी 22 लाखांत एक झाली. बक्षीस लागायचं अवघड केलं, की रक्कम पुढच्या सोडतीत सरकत जाते, आकडा अब्जावर चढतो, आणि एरवी तिकिटाकडं ढुंकून न पाहणारेही रांगेत येतात. चारच महिन्यांत, जानेवारी 2016 ला, 1.586 अब्जाची सोडत निघाली. नोव्हेंबर 2022 ला कॅलिफोर्नियात 2.04 अब्ज.

हा आकडासुद्धा हमीभावासारखा असतो. कागदावर लांब धाग्याच्या कापसाला 2025 च्या हंगामात 8,110 रुपये, पण आडतीवर गाडी खाली करून हिशेबाची पट्टी हातात आल्यावर काय उरतं ते आपल्याला माहीत आहे. इथं जाहिरातीतली रक्कम 29 वर्षांत 30 हप्त्यांनी मिळायची असते. एकरकमी पाहिजे तर पट्टी वेगळी. कॅलिफोर्नियातल्या त्या विजेत्याच्या 2.04 अब्जांचे 99.76 कोटी डॉलर झाले. फ्रेडरिक्सबर्गच्या तिकिटाच्या वाट्याला जाहिरातीत 89 कोटी आले, रोखीत 41 कोटी. वर अमेरिकी केंद्र सरकारचा प्राप्तिकर, 37 टक्क्यांपर्यंत. अर्थात एवढी पट्टी आली तर कट्टीची, म्हणजे कपातीची, तक्रार मीही करणार नाही.

आता मास्तरकाकांना आवडणार नाही असं बोलतो. मटका यापेक्षा उदार होता. आमच्या आजोबांना आकड्याचा नाद होता. पानटपरीवर सकाळी चिठ्ठी, रात्री रिझल्ट, मधल्या वेळात स्वप्नांचे अर्थ. एकेरी आकड्याला रुपयाला नऊ, जोडीला नव्वद. दहांत एक शक्यता आणि नऊ रुपये परत, म्हणजे चालवणाऱ्यानं रुपयामागं दहा पैसे ठेवले. पॉवरबॉल तिकिटाच्या पैशातला निम्माच बक्षिसांत परत करते. फरक एवढाच, की टपरीवाल्याला हवालदार धरायचा आणि इथल्या दुकानाला परवाना आहे. मटक्याला आळा बसावा म्हणून महाराष्ट्रानं 1969 साली स्वतःची लॉटरी काढली. लॉटरी आली, मटका काही गेला नाही. आजोबांनी दोन्ही खेळले. जमीन चार एकरांनी कमी झाली, ती कशात हे घरात कुणी नीट सांगत नाही.

आणि इथलं सरकारी काम स्वच्छ असतं, हा गावाकडचा समज आहे, त्याबद्दल एप्रिल 2023 ची गोष्ट. लोट्टो टेक्सास या राज्याच्या लॉटरीत आकड्यांचे एकूण 2 कोटी 58 लाख संच होतात, तिकीट एक डॉलरचं. एका टोळक्यानं जवळजवळ सगळेच संच विकत घेतले, मोजक्या दुकानांत तीन दिवस यंत्रं लावून तिकिटं छापली, आणि 9.5 कोटींचं बक्षीस उचललं. रोख 5.78 कोटी पदरात पडले. खर्च वजा करा, काय उरतं बघा. आठवडाभर कामावरून येताना पाच डॉलरची तिकिटं घेणाऱ्या माणसांच्या पैशानं ते बक्षीस फुगलेलं होतं. मोठा गवगवा झाला, राज्यानं लॉटरी आयोगच मोडीत काढला, फोनवरून तिकीट मागवणं बंद केलं. हे लागू झालं 1 सप्टेंबर 2025 ला. म्हणजे दिल्लीनं बंदी आणल्यावर दहा दिवसांत टेक्साससुद्धा त्याच रस्त्याला. पोरांना हे मी सांगितलं, तर म्हणाले, तू नेहमी सरकारची बाजू घेतोस.

माझं मत विचाराल तर बंदीपेक्षा मला अंतराची काळजी आहे. आजोबांना टपरीपर्यंत चालत जावं लागायचं, वाटेत कुणी ना कुणी हटकायचं. रमीचा अ‍ॅप रात्री दोनला, पांघरुणात. म्हणून त्या बंदीला माझा पाठिंबा. दुकानातलं कागदी तिकीट राहू द्या, पण छोट्या छोट्या पुष्कळ बक्षिसांचं. केरळचे 25 कोटी लागलेले 2022 मधले रिक्षावाले पाच दिवसांतच दारातली गर्दी चुकवायला नातेवाइकांकडं राहात होते, एवढं बक्षीस नको होतं म्हणत होते. तेवढ्यातून पाच लाखांची पाचशे बक्षिसं झाली असती. पाच लाखांत आमच्याकडं विहीर होते, मोटार बसते, वर पोरीचं लग्न नाही पण साखरपुडा निघतो.

हे सगळं लिहून ग्रुपवर टाकलं तोवर महिना संपत आला होता आणि मराठवाडा पाण्याखाली गेला होता. सोयाबीन शेतात सडलं, कापसाची बोंडं काळी पडली. एक रुपयात पीकविमा 2023 च्या खरिपात आला होता, तो 2025 च्या खरिपाआधी गेलेला. माझ्या लांबलचक मजकुराला कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही.

मटक्याची मूळ गोष्ट मात्र त्यात सांगायची राहिली. पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात रुई कितीवर उघडली आणि कितीवर बंद झाली ते आकडे तारेनं मुंबईला यायचे, त्यावर पैजा लागायच्या. मटक्यातले ओपन-क्लोज हे शब्द तिथले. 1961 ला ते आकडे यायचे थांबले, मग मडक्यातून चिठ्ठ्या काढू लागले.

ऑक्टोबरात चुलतभावाचा फोन आला. केंद्रानं परदेशी कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत काढून टाकलं होतं, आणि अमेरिकेत सगळ्यात जास्त कापूस टेक्सासातच पिकतो. "दादा, तिकिटाचं राहू दे," तो म्हणाला, "न्यूयॉर्कला आज रुई कितीवर बंद झाली तेवढं बघून सांग." मी बघितलं. पौंडाला पासष्ट सेंटच्या आसपास.