मामा, तडा एम-सीलने बुजत नसतो

रविवारी सकाळी साडेसातला मामाचा फोन. "अगं, एम-सील पूर्ण वाळायला किती वेळ लागतो?"

मला वाटलं, गच्चीवरची टाकी गळतेय. गळत होतं गाडीचं चाक. सिंहगड रोडवरच्या एका खड्ड्याने डावं पुढचं चाक ठोकलं होतं, त्याआधी पार्किंगच्या कठड्याला दुसऱ्या एका चाकाची कड घासलेली होतीच, आणि आदल्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मामाला तारणहार भेटला होता: "शोरूमवाले हे कधीच सांगणार नाहीत! अलॉय व्हील घरच्या घरी फक्त ३०० रुपयांत नवीन करा." सात मुद्दे, शेवटी हात जोडलेले आणि "जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा." लोकांनी पोचवलंय. तोच मजकूर त्याच दुपारी माझ्या ऑफिसच्या ग्रुपवरही आला.

मी चाकणला ॲल्युमिनियम कास्टिंगच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. आम्ही चाकं बनवत नाही, पण धातू त्याच घराण्यातला. तेव्हा सातही मुद्द्यांना उत्तर देते, पण क्रमाने नाही. चौथा वाचल्यापासून बाकीच्यांकडे नीट लक्षच जात नाहीये.

चौथा मुद्दा असा: "चाकाला बारीक तडा असेल तर आतल्या बाजूने एम-सील भरा. वाकलं असेल तर गॅसवर गरम करून लाकडी हातोडीने सरळ करा. कंपनीतही हेच करतात."

कंपनीत हे करत नाहीत. कंपनीत काय करतात ते सांगते. बहुतेक ओतीव अलॉय चाकं ज्या मिश्रधातूची असतात त्यात ॲल्युमिनियमबरोबर साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम असतं. ओतल्यावर चाक भट्टीत ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास ठेवतात, पाण्यात झटकन थंड करतात, आणि मग पुन्हा १५०-१६० अंशांना काही तास मुरवतात. चाकाची ताकद या मुरवण्यात आहे. धातूच्या आत मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते धातूला सहजासहजी सरकू देत नाहीत. त्यावर घरच्या गॅसची ज्योत धरली की हे कण फुगून मोठे होतात, विरळ होतात, आणि तेवढा भाग मऊ पडतो. वरून काहीच कळत नाही. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं तरी. ॲल्युमिनियम वितळायला येईपर्यंत चंदेरीच दिसतं. म्हणजे शेगडीपाशी उभ्या असलेल्या माणसाला आपण २०० अंशांवर आहोत की ४०० वर, हे डोळ्यांनी समजायचा मार्गच नाही. आणि हा माणूस हातात हातोडी घेऊन उभा आहे.

आता तडा. मामाचं म्हणणं, "रेष केसाएवढीच आहे गं." वरून केसाएवढी आहे. आत किती गेली आहे ते चाक कापल्याशिवाय किंवा नीट तपासणी केल्याशिवाय कोण सांगणार? ताशी ८० किलोमीटरला छोट्या गाडीचं चाक मिनिटाला सातशेच्या आसपास फेरे घेतं. दर फेऱ्यात तडा गेलेल्या जागेवर ताण येतो आणि जातो. तडा वाढतो तो असा, थोडा थोडा. यात एम-सील काय करणार? हवा थांबवेल, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. दर दोन दिवसांनी हवा कमी होणं ही त्या चाकाने तुम्हाला दिलेली एकमेव सूचना होती, आणि ३०० रुपयांत तुम्ही तीच बंद केलीत. पाण्याच्या पाइपाला एम-सील उत्तम. पाइप १०० च्या स्पीडने एक्स्प्रेसवेवर पळत नाही.

मामा रोज सकाळी एआरएआय टेकडीवर फिरायला जातो. ज्या संस्थेवरून टेकडीला हे नाव पडलं, तिथे गाड्यांच्या चाचण्या होतात आणि तिथूनच वाहनांची एआयएस मानकं प्रसिद्ध होतात. अलॉय चाकांसाठी एआयएस-०७३ आहे. चाकाच्या आघात चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ७१४१, नुसतं वाचलं तरी अंगावर काटा येतो. टायर चढवलेलं चाक १३ अंशांत तिरकं बसवायचं आणि २३० मिलिमीटर उंचीवरून त्याच्या कडेवर वजन सोडायचं. वजन किती? चाकावरच्या जास्तीत जास्त भाराच्या ०.६ पट, अधिक १८० किलो. चाकावर ४५० किलो भार धरा, म्हणजे पडणारं वजनही बरोबर ४५० किलो. त्यानंतर एका मिनिटात टायरमधली सगळी हवा गेली, तर चाक नापास. पुण्यातल्या खड्ड्यांनी ही चाचणी पाठ केली आहे, असं कधी कधी वाटतं. मुद्दा एवढाच की चाक हा असा तपासून पास केलेला भाग आहे, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याने त्याला बादलीच्या रांगेत बसवलं. तडा गेलेलं चाक वेल्डिंग करून देणारेही भेटतात. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा भाग वर सांगितला तसाच मऊ पडतो. तडा दिसला की चाक बदलायचं.

सहावा मुद्दा दिसायला निरुपद्रवी, म्हणून जास्त वाईट: "मागची बाजू, बोल्टची भोकं, सगळीकडे रंग मारा म्हणजे गंज धरणार नाही." नट जिथे बसतो ती उतरती कड आणि चाक हबला टेकतं तो सपाट भाग, या दोन जागी घरगुती रंगाचा जाड थर चढता कामा नये. तुम्ही नट आवळता तेव्हा तो धातूवर नाही, रंगावर आवळला जातो. गाडी चालली, चाक तापलं, की रंग दबतो, चुरतो आणि नट ढिला पडतो. या जागा टेप लावून झाकायच्या, मग फवारायचं. चाक परत लावल्यावर नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळाच्या मोजलेल्या जोराला, आवळायचे, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. पान्यावर उभं राहून उड्या मारणं म्हणजे टॉर्क नव्हे.

पहिला मुद्दा, संडास साफ करायचं ॲसिड. "फेस आला की समजा घाण निघतेय." घाण नाही निघत, तो हायड्रोजन आहे, आणि विरघळतंय ते तुमचं चाक. गाडी धुवायचा शाम्पू, मऊ ब्रश, पाणी. विषय संपला.

तिसरा म्हणतो, ॲल्युमिनियम गंजत नाही, म्हणून प्रायमर नको. लोखंडासारखं तांबडं गंजत नाही, हे अर्धसत्य. पण रंगाला ओरखडा पडून ओल शिरली की खालून पांढऱ्या रेघा गांडुळासारख्या सरकत जातात आणि रंगाचे पापुद्रे निघतात. उघड्या ॲल्युमिनियमवर रंग धरावा म्हणून त्याच्यासाठीचा एच (इंग्रजीत etch, धातूला किंचित कोरून धरणारा) प्रायमर लागतोच. आणि सातवा, "तासभर उन्हात ठेवा आणि निघा." कुठल्या उन्हात? जुलैत पुण्यात फवारलेली क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, दमट हवेने दुधाळ पडते. हे काम दिवाळीनंतर करा.

आता जे खरं आहे ते मान्य करते, नाइलाजाने. दुसरा मुद्दा, खरचटलेलं चाक पेपरने घासून घरीच रंगवायचा, बराचसा बरोबर आहे. नुसतं खरचटलेलं चाक घरी छान होतं. त्यासाठी सर्व्हिस सेंटरवाले सरळ नवं चाक सुचवतात, हा लोकांचा राग मला समजतो. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त खरबरीत कड मोडायची, मग ३२०, ४००, शेवटी ६०० चा वॉटर पेपर. खळगा राहिला तर लांबीचा (पुट्टीचा) पातळ हात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून प्रायमर, रंगाचे तीन-चार हलके हात, वर क्लिअर. ३०० रुपयांत मात्र हे तिन्ही डबे बसत नाहीत. हार्डनर मिसळायची टू-के क्लिअर वापरणार असाल, तर बंद खोलीत नको आणि नाकाला नुसता रुमालही नको. तिच्यात फुप्फुसांना घातक आयसोसायनेट असतात, योग्य मास्क घ्या. चकचकीत, बारीक वर्तुळं दिसणाऱ्या डायमंड-कट चाकांना यातलं काही लागू नाही. ती लेथवर कातलेली असतात, पेपर लावलात की ते रूप गेलं. फॉरवर्डमध्ये याचा उल्लेखच नाही.

पाचवा मुद्दा, टायर आणि रिमच्या फटीत पत्ते खोचून टायर झाकायचा, हा पूर्ण बरोबर. मास्किंग टेपपेक्षा पटकन होतो. मामाने तेवढा प्रयोग करून पाहिलाय. तडा गेलेलं चाक आता माझ्या डिकीत आहे, त्याच्या गाडीला स्टेपनी लावली आहे, नव्या चाकाची ऑर्डर दिली आहे. दुसऱ्या, फक्त घासलेल्या चाकाला तो नोव्हेंबरात हात लावणार आहे. चंदेरी ठिपके पडलेला पत्त्यांचा कॅट मामीचा होता, त्याबद्दल दोघांचं अजून बोलणं चालू आहे.