खुलासा: बायबलमधल्या यहूदाच्या पत्रातलं ते वचन अर्धंच फिरतंय

‘दारुड्याच्या दारात पाऊल ठेवू नका, त्याचे कपडेसुद्धा विटाळतात – यहूदा, वचन 23’ असा मेसेज बेळगाव-खानापूरकडच्या ख्रिस्ती ग्रुपवर फिरतोय. डागाळलेल्या वस्त्राचा उल्लेख वचनात खरा, पण दारुड्याचा किंवा त्याच्या दाराचा नाही; अर्थ तर उलटाच. त्याच वचनात माणसाला आगीतून ओढून वाचवा असं आहे. द्वेष डागाळलेल्या वस्त्राचा, माणसाचा नव्हे. आधीचं वचन तर दयेचंच! (अख्खं पत्र 25 वचनांचं, फॉरवर्ड करण्याआधी वाचायला पाच मिनिटं पुरतात.) वचनात भीत भीत दया करा असंही आहे, पण ही भीती बाळगायची ती स्वतःबद्दल. बायबलमधलंच गलतीकरांस पत्र 6:1 हेच सांगतं: चुकलेल्याला सौम्यतेनं सावरा, पण स्वतःवर नजर ठेवा. तेव्हा भाकरी-आमटीचा डबा घेऊन दारुड्याकडे खुशाल जा, सोबत कुणाला तरी न्या. ‘एकच घोट’ म्हणून ग्लास पुढे आला, तर मात्र नाही म्हणा. उसने पैसे मागितले, तर किराणा भरून द्या.