धुराआधी भुसा

पाईप ओढणारा माणूस विचारात गढलेला दिसतो. वास्तविक बहुतेक वेळा तो पाईप विझला की काय, एवढंच चाचपत असतो. पण हा भ्रम इतका मुरलेला आहे की हौसेने पाईप बनवायला बसणाऱ्यालाही वाटतं, आता आपल्या हातून काहीतरी चिंतनशील घडणार. घडतो तो भुसा. तांबूस, अतिबारीक आणि भुवयांत मुक्काम ठोकणारा. तेव्हा पहिली खरेदी लाकडाची नव्हे, चांगल्या मास्कची करावी.

तसं बघायला गेलं तर पाईप म्हणजे एक ठोकळा आणि त्यात दोन भोकं. एक वरून तंबाखूसाठी, दुसरं आडवं धुरासाठी. ही दोन योग्य जागी भेटली की पाईप झाला. आकार, रंग, चकाकी ही सगळी नंतरची हौस. आपल्या चिलमीला ही कटकटच नाही. मातीची सरळ नळी, आत एक खडा, खाली ओला फडका. आरपार एकच भोक, चुकायला जागाच नाही. धुराची वाट आडवी वळवावी असं ज्याला पहिल्यांदा सुचलं, त्याने पुढच्या सगळ्या हौशी मंडळींच्या रविवारांची वाट लावली, असं माझं स्पष्ट मत आहे.

लाकूड ब्रायरचं. एरिका आर्बोरिया नावाचं हे झुडूप भूमध्य समुद्राभोवतीच्या रखरखीत उतारांवर वाढतं: कॉर्सिका, इटलीतला कॅलाब्रिया, ग्रीस. त्याचं खोड आपल्या कामाचं नाही. खोड आणि मूळ यांच्या सांध्यावर जमिनीत एक गाठ फुगते, ती हवी. वणव्यात वरचं सगळं जळालं तरी झुडूप या गाठीतून पुन्हा फुटतं. कामापुरती गाठ तयार व्हायला काही दशकं जातात. मग ती खणून, चिरून, ठोकळे तासन्‌तास उकळून त्यातला चीक आणि टॅनिन काढतात आणि महिनोन्‌महिने सावकाश सुकवतात. घट्ट, उष्णता सोसणारं हे लाकूड एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समधल्या ज्युरा डोंगरातल्या सां-क्लोद गावाने हेरलं आणि गाव पाईपांसाठी जगभर ओळखलं जाऊ लागलं.

सह्याद्रीत ब्रायर नाही. म्हणजे ठोकळा बाहेरून मागवणं आलं, आणि तो ओळखीच्या मिस्त्रींना दाखवला की ते म्हणणारच, “अहो साहेब, एवढ्याशा ढलपीला एवढे पैसे? माझ्याकडे सागाचे तुकडे पडलेत, घेऊन जा की.” प्रेमाने म्हणतात, पण नेऊ नये. सागात तेल असतं, आणि शिसवीच्या भुशाने तर कित्येकांचं नाक आणि कातडी दोन्ही हैराण होतात. खुर्चीला जे लाकूड शोभतं त्यात निखारा ठेवून तोंडाने ओढायचं नसतं.

नवख्याने आधीच भोकं पाडलेला, तोंडात धरायची नळी बसवलेला ठोकळा आणावा, असं जाणकार सांगतात. तो फक्त बाहेरून घासायचा. सल्ला उत्तम आहे, म्हणून कुणी ऐकत नाही.

ऐकलं नाही, तर हिशेब असा. साधारण ७० मिमी लांब, ५० उंच, ४० जाड ठोकळा घ्या आणि त्याच्या बाजूवर पेन्सिलीने पाईप पूर्ण मापात काढा, आतल्या भोकांसकट. पहिला पाईप सरळ दांड्याचाच असू द्या; दांडा म्हणजे वाटीपासून नळीपर्यंतचा लाकडी भाग. तंबाखूची वाटी १९-२० मिमी रुंद, ३५ मिमी खोल, तळ गोलसर. नेहमीचं गिरमिट सपाट किंवा टोकदार तळ पाडतं, म्हणून ड्रिलचं चपटं पातं, म्हणजे स्पेड बिट, घासून त्याला गोलाई द्यायची. घासताना दोन्ही बाजू सारख्या राहिल्या नाहीत तर बिट थरथरतं आणि वाटी अंडाकृती होते. मग दांड्याच्या तोंडातून ८ मिमी रुंद, २० मिमी खोल खाच, तिच्यात पुढे नळीचा टेनन, म्हणजे दांड्यात शिरणारं टोक, बसेल. आणि त्या खाचेच्या मध्यातून वाटीकडे जाणारी, ४ मिमीची धुराची वाट.

खरी परीक्षा इथे आहे. ही वाट वाटीच्या अगदी तळाशी आणि बरोबर मध्ये उघडली पाहिजे. २-३ मिमी वर उघडली, तर तिच्याखालचा तंबाखू कधीच नीट जळत नाही आणि ओला चिखल होऊन तळाशी बसतो. खाली गेली, तर तळाला चर पडतो आणि तिथलं लाकूड पातळ होतं. तळाशी ६-७ मिमी जाडी उरली नाही तर एक दिवस तिथून जळून आरपार भोक पडायची धास्ती. ४ मिमीचं लांब बिट लवचीक असतं, गाठीतले रेषे त्याला हवं तिकडे ढकलतात. म्हणून आधी आखूड बिटाने सुरुवातीची जागा पक्की करायची, मग लांब बिट दर ५ मिमीला बाहेर काढून भुसा झटकायचा. घाईत भुसा आत तुंबला की बिट तापतं आणि वाकडं निघतं. ठोकळा शिकंज्यात (व्हाइसमध्ये) पकडा. हातात धरून ड्रिल मारणारे शूर असतात, पण शूरांना दहाही बोटं लागतात.

कोपनहेगनच्या सिक्स्टन इव्हारसन यांचं नाव हस्तकलेच्या पाईपांत आदराने घेतात. ते आधी आकार घडवत आणि मग भोकं पाडत, म्हणजे लाकडाचे रेषे जिकडे नेतील तिकडे पाईप जाई. हे वाचून नवख्याचा हात शिवशिवतो. शिवशिवू द्या. आधी भोकं, मग कानस.

आकारात सगळ्यात अवघड कोणता? पानाफुलांचा, वेलबुट्टीचा नव्हे. बिलियर्ड. उभी साधी वाटी, सरळ गोल दांडा. लपायला काहीच नसल्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा पोक लांबून दिसतो. नवख्याने सपाट बुडाचा पोकर करावा. निदान टेबलावर उभा तरी राहतो. करवतीने कोपरे उडवा, खरखरीत कानशीने पुढे जा, पण वाटीची भिंत कुठेही ६ मिमीच्या आत येऊ देऊ नका.

मग नळी. ॲक्रिलिक टणक आणि चमकदार, पण दातांना कडक. एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, दातांना मऊ लागतं. मात्र उन्हात ठेवलं की काही महिन्यांत हिरवट-तपकिरी पडतं. घासताना त्याचा असा काही वास सुटतो की शेजारच्या काकू “कुणाची वायर जळतेय का हो?” म्हणून दार वाजवतात. नळीत धुराची वाट ४ मिमीवरून निमुळती करत आणायची, आणि तोंडाकडे बारीक कानशीने पंख्यासारखी आडवी उघडायची. दातांत धरायची जागा ४ मिमी जाड. त्यात मधली फट दीड मिमी, म्हणजे वर-खाली सव्वा-सव्वा मिमीच उरतं. अर्धा मिमी जास्त घासला की फट उघडी पडते आणि एका रविवारची नळी केराच्या डब्यात जाते. बाक द्यायचा असेल तर आत केसाळ तार (पाईप साफ करायची, धाग्यांनी मढवलेली) घालून मगच गरम करा, नाहीतर आतली वाट चिमटते. वाकली की थंड पाण्यात धरा. पुन्हा तापवलंत तर एबोनाइट स्वतःचा मूळ सरळपणा आठवून ताठ होतं. उन्हात मोटारीच्या डॅशबोर्डवर विसरू नये ते यासाठी.

टेनन खाचेपेक्षा फार तर अर्धा मिमी आखूड असावा. जास्त पोकळी राहिली तर तिथे ओल साठते आणि पाईप गुडगुडायला लागतो; गुडगुडीच हवी असेल तर ती वेगळी आणि स्वस्त मिळते. फार घट्ट केला, तर ओल धरून लाकूड फुगतं आणि दांडा चिरतो. नळी आणि दांडा नेहमी जोडलेलेच घासा. सुटे घासले की कडा गोलावतात आणि सांध्यात कायमची फट दिसते.

आता दगा. ठोकळा बाहेरून निर्मळ असतो, रेषे सरळ, मन प्रसन्न. कानस फिरते, पेपर फिरतो, आणि अगदी शेवटी, नेमक्या दर्शनी बाजूला, एक काळा खड्डा उघडतो. गाठ वाढताना आत अडकलेली वाळू किंवा साल. त्याचा पत्ता बाहेरून लागत नाही. भुसा आणि चिकट गोंद भरून बुजवता येतो, पण त्या ठिगळावर रंग धरत नाही. दुसरा उपाय म्हणजे सगळा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करून ‘ही रचनाच अशी आहे’ म्हणणं. हसू नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या डनहिल या पाईप कंपनीने वाळूचा मारा करून खरबरीत केलेले पाईप बाजारात रुजवले, आणि लोकांनी ते हौसेने विकत घेतले.

पॉलिश पेपर क्रमाने: १५०, २२०, ३२०, ४००, ६००. एकही पायरी गाळू नका. रंगाआधी सगळं गुळगुळीत वाटतं. मग स्पिरिटमधला रंग लावला की पाहुण्यांसमोर घरातली गोष्ट सांगून टाकणाऱ्या पोरासारखा तो २२०चा एकूणएक ओरखडा जाहीर करतो. परत २२०. वाटीच्या आत मात्र रंग नाही, आणि बाहेर व्हार्निश नाही. उष्णतेने त्याचे फोड येतात. शेवटी कार्नौबा मेण, मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या साध्या मोटरवर कापडी चाकाने. पाईप चाकाच्या मध्यरेषेखाली धरा. वरच्या कडेला टेकवलात तर चाक तो हिसकावून फरशीवर आपटतं, आणि आपटताना नळीच्या टोकाकडूनच आपटतं, हा काय नियम आहे कळत नाही.

वाटीच्या आत लेप द्यायचा असतो. पाककृती खरी आहे: दही घोटून त्यात बारीक सक्रिय कोळशाची पूड कालवायची, बोटाने पातळ थर द्यायचा आणि एक-दोन दिवस वाळू द्यायचा. धुराच्या वाटेत आधी तार घालून ठेवा, म्हणजे लेप तिथे शिरत नाही. दही कुठे गेलं, याचं उत्तर घरात तयार ठेवा. “पाईपला लावलं” हे पहिल्या फटक्यात कुणाला पटत नाही.

तपासणी सोपी. केसाळ तार तोंडाकडून घाला. नळी न काढता ती वाटीच्या तळाशी निघाली पाहिजे. मग रिकामाच ओढून बघा. शीळ ऐकू आली तर टेननच्या टोकाचं भोक रुंद बिटाने हलकंसं कोरून उतार द्या. मग वजनकाटा. मध्यम आकाराचा पाईप ४०-५० ग्रॅमचा असावा. पहिला हमखास ७०च्या पुढे भरतो, कारण महाग लाकूड उडवायला हात धजत नाही. दातात धरून बघा, मान आपोआप खाली जाते. दांड्याखालून घ्या अजून दोन मिमी, वाटीच्या बुडाला मात्र हात लावू नका, आणि परत १५०चा पेपर काढा.