आरशांची वाफ आणि कोळशाचा बॉयलर : सरांच्या कमेंटला उत्तर

सर, कमेंट दोनदा वाचली, पहिल्यांदा रागच आला हे कबूल करतो. माझा लेख होता आरशांनी ऊन एकवटून केलेली वाफ कोळशाच्या वीज प्लांटला जोडण्यावर. तुमचं म्हणणं असं की ही आयडिया केव्हाच मेलीये, ऑस्ट्रेलियातल्या कोगन क्रीक प्लांटचं काय झालं ते मी सोयीस्कर गाळलं, आणि "ढग आला की आरसे शोभेचे."

कोगन क्रीकचं मान्य, ते लिहायलाच हवं होतं. क्वीन्सलँडमधल्या त्या ७५० मेगावॉटच्या कोळशाच्या प्लांटला आरशांच्या वाफेची ४४ मेगावॉटची जोड द्यायची होती, २०११ ला काम सुरू झालं, मधेच आरसेवाली अरेवा कंपनी सोलरच्या धंद्यातूनच बाहेर पडली आणि २०१६ मध्ये सगळं गुंडाळलं. पण त्यात वाफेचा काय दोष?

ढगाचं मात्र अजिबात पटलं नाही, आणि तुम्ही सांगता तशी टर्बाइनवर २८ वर्षं काढलेल्या माणसाने हे लिहावं याचं जास्तच आश्चर्य वाटलं. टर्बाइनच्या मधल्या स्टेजमधून थोडी वाफ काढून (तेच ब्लीड) आपण फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, गरम करतो ना, तेच काम आरशांनी केलं तर ती वाफ आतच राहते, शेवटपर्यंत काम करते, मग एकतर वीज जास्त मिळते नाहीतर तेवढ्याच विजेला कोळसा कमी लागतो. ढग आला? व्हॉल्व्ह उघडा, ब्लीड पुन्हा चालू, बॉयलर कुठे पळालाय. बॅटरी नको, मीठ वितळवून उष्णता साठवायचे टँक नकोत, टर्बाइन आणि लाइन आधीपासून आहेतच. शिवाय फीड वॉटरला टर्बाइनच्या मुख्य वाफेसारखे ५४० डिग्री लागतच नाहीत, अडीचशेच्या आसपास भागतं, म्हणून सपाट पट्ट्यांचे साधे आरसे पुरतात, ऑस्ट्रेलियातल्याच लिडेलच्या कोळसा प्लांटला तेच बसवले होते. गॅसवर वीज करणाऱ्या प्लांटवाल्यांनी तर आरशांची वाफ जोडूनही दाखवली, अल्जीरियात हासी रमेल, इजिप्तमध्ये कुरैमत, दोन्ही २०११ चे.

खरा घाव तुम्ही घातलाच नाहीत, तो मीच घालतो. पैसा. फ्लोरिडाच्या मार्टिन प्लांटला ७५ मेगावॉटसाठी साधारण ५०० एकर जागा आणि १ लाख ९० हजार आरसे लागले, आता ते धुवायचे कोणी आणि पाणी कुठलं? इकडे २०१७ मध्ये राजस्थानात भडल्याला साध्या सोलर पॅनलच्या विजेची बोली युनिटला २ रुपये ४४ पैशांवर आली, त्यापुढे आरसे कोण लावतो! राजस्थानातच मथानियाचा असा गॅस-सोलर प्लांट परदेशी अनुदान मंजूर होऊनही वर्षानुवर्षं कागदावर राहिला, शेवटी झालाच नाही. म्हणजे विजेपुरतं तुम्ही जिंकलात, कारण वेगळं असलं तरी.

पण जिथे वाफच हवी असते तिथलं काय? शिर्डीच्या प्रसादालयात २००९ पासून छतावर आरशांच्या ७३ डिश आहेत, त्यांची वाफ जुन्याच बॉयलरच्या लाइनला जोडलेली, ऊन असेल तोवर वरण-भात उन्हावर, नसेल तेव्हा गॅसवर. वाफेची वीज करताना अर्ध्याहून जास्त उष्णता कंडेन्सरमध्ये, म्हणजे वापरलेली वाफ थंड करून पाणी करताना, वाया जाते, इथे ती भानगडच नाही. डेअरी, कापडाची डाइंग, हे सगळे असेच वाफेचे गिऱ्हाईक. माझ्या लेखात यावर दोनच ओळी होत्या, चूक ती होती.

लेखात कोगन क्रीकचा परिच्छेद आज टाकतोय. तुमच्या युनिटला शेवटच्या हीटरनंतर फीड वॉटर किती डिग्रीला यायचं तेवढं सांगा, पुढच्या लेखात तोच आकडा धरून हिशोब मांडतो.