‘मॅन्युअल टेस्टिंग म्हणजे नुसतं पास-फेल दाबणं’: त्या मेसेजला उत्तर

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर मॅन्युअल टेस्टिंगबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअर हातानं चालवून त्यातले दोष (बग) शोधण्याच्या कामाबद्दल, एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘मुलांना मॅन्युअल टेस्टिंगच्या नोकरीत घालू नका. दुसऱ्यानं लिहिलेल्या पायऱ्या वाचायच्या आणि टूलमध्ये पास किंवा फेल दाबायचं, एवढंच ते काम. ऑटोमेशननं ते केव्हाच संपवलंय, उरलंसुरलं एआय संपवेल. एवढं तपासूनही बग निघतातच. आणि ती टूलं मॅनेजरला रंगीत चार्ट दाखवायला असतात, एक्सेलमध्येही भागतं.’

रामबाग, सुदामानगर भागातल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं-मुली रोज विजयनगरला, क्रिस्टल आयटी पार्कला किंवा सुपर कॉरिडॉरला जाऊन हेच काम करतात. मीही तेच करते. मेसेज पुढे पाठवणारे काका-काकू काळजीपोटीच पाठवतात, हे मला कळतं. पण तो वाचून नोकरीला नुकतीच लागलेली एखादी मुलगी आपल्या कामाला हलकं समजू लागते. तसं समजणारी टेस्टर कामही हलकंच करते, आणि त्याचा त्रास पुढे ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला होतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘पायऱ्या वाचायच्या आणि दाबायचं’

एक साधी टेस्ट केस, म्हणजे तपासणीच्या पायऱ्या आणि अपेक्षित निकाल यांची नोंद, घ्या. ग्राहकनोंदणीचा फॉर्म. पायरी: मराठीत आडनाव टाका, सेव्ह करा, पावती उघडा. अपेक्षित निकाल: आडनाव जतन व्हावं आणि पावतीवर बरोबर दिसावं. आता आडनाव कुठलं टाकायचं, हे केसमध्ये लिहिलेलं नाही. एकीनं ‘पाटील’ टाकलं, पावतीवर पाटील आलं, तिनं पास दिलं. तिनं पायऱ्या तंतोतंत पाळल्या.

दुसरीनं ‘कऱ्हाडे’ टाकलं. स्क्रीनवर ठीक दिसलं, पण पावतीच्या पीडीएफमध्ये ‘कर्हाडे’ उमटलं. ऱ्ह चा अर्धा र जाऊन ह च्या डोक्यावर रफार बसला.

असं का होतं ते पाहण्यासारखं आहे. हे जोडाक्षर संगणकात तीन तऱ्हांनी साठवलं जाऊ शकतं. पहिली तऱ्हा म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग पाय मोडण्याचं चिन्ह, मग ह. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, त्याखाली नुक्ता, पाय मोडण्याचं चिन्ह आणि ह. तिसरीत साधा र, पाय मोडण्याचं चिन्ह, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, आणि मग ह. युनिकोडच्या, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या जागतिक पद्धतीच्या, नियमांनुसार पहिल्या दोन तऱ्हा सममूल्य आहेत. नॉर्मलायझेशन, म्हणजे सममूल्य तऱ्हा एकाच रूपात आणणं, केलं की त्या एक होतात. तिसरी होत नाही. शिवाय कुणा डेव्हलपरनं ‘न दिसणारी अक्षरं साफ करा’ असा कोड लिहिला असेल, तर ते जोडचिन्ह गळून पडतं आणि कऱ्हाडेंचे कर्हाडे होतात. नॉर्मलायझेशन विसरलं असेल तर आणखी एक गोष्ट घडते: एका कीबोर्डवरून नोंदवलेले कऱ्हाडे दुसऱ्या कीबोर्डवरून शोधले की सापडतच नाहीत.

इंदुरात हा मुद्दा जास्तच जाणवतो. हिंदीत हा अर्धा र नाही. शेजारी बसलेल्या हिंदीभाषक सहकाऱ्यानं ती पावती पाहिली तर त्याला काहीही खटकणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. ज्या मुलीच्या घरी तऱ्हा, सुऱ्या, कुऱ्हाड हे शब्द रोज बोलले आणि लिहिले जातात, तिच्या डोळ्याला ते टोचतं. ती फेल नोंदवते आणि शेऱ्यात लिहिते: कुठलं बिल्ड (सॉफ्टवेअरची आवृत्ती), कुठला फोन, कुठला कीबोर्ड, आडनाव काय टाकलं, स्क्रीनवर काय दिसलं, पीडीएफमध्ये काय दिसलं, लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीनं टाइप केल्यावर तेच होतं का. जोडीला दोन्ही स्क्रीनशॉट. शेवटी फेल दाबायला तिला एक सेकंद लागतो. तिचं काम त्याआधी झालेलं असतं: काय टाकायचं ते ठरवणं, बघणं, शंका घेणं, दुसऱ्या फोनवर पडताळणं.

‘ऑटोमेशननं केव्हाच संपवलंय’

ब्राउझरमधली तपासणी आपोआप करणारं सेलेनियम हे टूल २००४ मध्ये आलं. तेव्हापासून मॅन्युअल टेस्टिंग संपणार हे आम्ही ऐकतोय. यात तथ्याचा भाग आहे तो आधी मान्य करते. दर बिल्डला तेच लॉगिन, तोच पासवर्ड-रीसेट, त्याच शेकडो नोंदी हातानं तपासणं चूक आहे. ते स्क्रिप्टलाच, म्हणजे आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रामलाच, द्यावं. माणूस तिथे थकतो, आणि थकलेला माणूस न बघता पास देतो.

पण वरचंच उदाहरण स्क्रिप्टला देऊन पाहा. ती फॉर्ममध्ये ‘कऱ्हाडे’ भरते, साठवलेला मजकूर परत वाचते, दोन्ही जुळले की हिरवी खूण देते. पावतीवर अक्षराचा आकार कसा उमटला हे ती बघत नाही, कारण ते बघायला तिला कुणी सांगितलेलं नाही. चित्रं ताडून पाहणारी टूलं आहेत हे मला माहीत आहे. त्यांना आधी एक ‘बरोबर’ चित्र लागतं, आणि ते बरोबर आहे असं मराठी वाचता येणाऱ्या माणसालाच सांगावं लागतं. एआय टेस्ट केसचा पहिला खर्डा झटपट आणि बऱ्यापैकी लिहितं, मी ते वापरते. मात्र अपेक्षित निकाल ते आपण दिलेल्या वर्णनातून काढतं. वर्णनातच राहून गेलेली गोष्ट त्याच्या केसमध्ये क्वचितच येते.

याहून गंभीर उदाहरण आमच्या क्षेत्रात प्रत्येकाला माहीत असायला हवं. थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याच्यामुळे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणं बसली, त्यातले काही दगावले. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर इथल्या रुग्णालयात पहिला अपघात झाला तेव्हा पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढंच आलं. कंपनीच्या इंजिनिअरांनी यंत्र तपासलं, त्यांना बिघाड पुन्हा घडवून आणता आला नाही. काही आठवड्यांत तिथेच दुसरा अपघात झाला. मग रुग्णालयाचा भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी ऑपरेटर दोघं यंत्रापुढे बसले आणि तिनं त्या दिवशी जे जे केलं होतं ते पुन्हापुन्हा करून पाहिलं. तिला सरावानं खूप वेगात टाइप करायची सवय होती. उपचाराचा प्रकार चुकून एक्स-रे भरला गेला, तो तिनं कर्सर वर नेऊन दुरुस्त केला आणि पुढे गेली. ही दुरुस्ती साधारण आठ सेकंदांच्या आत झाली तर यंत्राच्या आतल्या मांडणीला तिचा पत्ताच लागत नव्हता. त्याच पायऱ्या सावकाश केल्या की सगळं सुरळीत. फरक फक्त वेगाचा होता. खऱ्या ऑपरेटरच्या हातांनी, खऱ्या वेगानं करून पाहिलं तेव्हा तो सापडला.

म्हणून टेस्ट केस चालवताना वापरणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. तो घाईत असेल, मध्येच फोन येईल, बटण दोनदा दाबेल, मागे जाऊन रक्कम बदलेल.

‘तपासूनही बग निघतातच’

निघतात. निघणारच. आयएसटीक्यूबी या संस्थेच्या अभ्यासक्रमात चाचणीची सात तत्त्वं दिली आहेत, त्यातलं पहिलंच हे: चाचणी दोष आहेत हे दाखवू शकते, दोष नाहीत हे सिद्ध करू शकत नाही. पास म्हणजे ‘या बिल्डवर, या फोनवर, ही माहिती टाकून पाहिली तेव्हा दोष दिसला नाही’. त्यापलीकडे कुणी त्याचा अर्थ लावत असेल तर ती चूक लावणाऱ्याची.

‘टूल फक्त चार्टसाठी, एक्सेल पुरतं’

दोन माणसांच्या टीमला, एका छोट्या ॲपला एक्सेल पुरतं. त्याबद्दल माझा वाद नाही. टीम वाढली, रिलीज (नवी आवृत्ती वापरात आणणं) वाढले की मात्र प्रश्न पडायला लागतात: ही केस कुणी चालवली, कुठल्या बिल्डवर, तेव्हा अपेक्षित निकाल काय लिहिलेला होता?

टेस्टरेल या टेस्ट केसेस सांभाळणाऱ्या टूलमध्ये टेस्ट केस वेगळी आणि तिची एका रनमधली, म्हणजे तपासणीच्या एका फेरीतली, अंमलबजावणी वेगळी असते. तीच केस दहा रनमध्ये दहा वेगळे निकाल घेऊन राहते. रन बंद केला की त्यातले निकाल बदलता येत नाहीत, आणि नंतर मूळ केसमध्ये केलेले बदल त्या जुन्या रनला लागू होत नाहीत. टेस्टलिंक या तशाच टूलमध्ये तर बिल्ड नोंदवल्याशिवाय निकाल टाकताच येत नाही. एक्सेलमध्ये कुणीही सेलचा लाल रंग हिरवा करतो आणि संध्याकाळपर्यंत तो कधी लाल होता याचा मागमूस राहत नाही.

आणि पास-फेल या दोनच खुणा नसतात. माझ्या मते सगळ्यांत मोलाची खूण आहे ‘ब्लॉक्ड’. समजा पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचा) टेस्ट सर्व्हर बंद आहे, परताव्याची केस चालवताच येत नाही. ती पास नाही आणि फेलही नाही. तिला ब्लॉक्ड करून कारण लिहिलं, तर रिलीजच्या बैठकीत कळतं की परतावा अजून कुणी पाहिलेलाच नाही. ‘मागच्या वेळी चालत होतं’ म्हणून पास दिलं, तर ती माहितीच नाहीशी होते. चार्ट मॅनेजर बघतो हे खरं. त्यातली प्रत्येक पट्टी कुणीतरी खरं लिहिलं म्हणून खरी असते.

‘मुलांना यात घालू नका’

वर्षानुवर्षं फक्त दुसऱ्याच्या केसेस चालवत राहिलं तर माणूस अडकतो. इथे मेसेजशी मी सहमत आहे. केस स्वतः लिहायला, डेटाबेसमध्ये क्वेरी मारून नोंद पाहायला, पोस्टमन या टूलवरून एपीआय (दोन प्रोग्राममधला दुवा) तपासायला, लॉग (सॉफ्टवेअरनं स्वतः केलेल्या नोंदी) वाचायला आणि पुढे स्क्रिप्ट लिहायला शिकावंच लागतं. पण चांगली स्क्रिप्ट तीच मुलं लिहिताना मी पाहिलीत, ज्यांनी आधी हातानं मन लावून केसेस चालवल्या होत्या. काय बघायचं ते त्यांना माहीत असतं.

तेव्हा मुलाला किंवा मुलीला या कामाची ऑफर आली, तर मुलाखतीच्या शेवटी तिथे तीन गोष्टी विचारायला सांगा. केसमध्ये चूक दिसली तर टेस्टरला ती बदलता येते का? ठरलेल्या केसेसपलीकडे स्वतःच्या डोक्यानं तपासायला वेळ मिळतो का? आणि रिलीजच्या आदल्या रात्री फेलचं पास करा असा फोन येतो का? तिसऱ्याचं उत्तर देताना समोरचा अडखळला, तर ती नोकरी सोडून दुसरी बघा.