आठवा नुकसानग्रस्त

रविवारी सकाळी साडेसात वाजता, भर बागेत, माझी पँट फाटली. नेमकी कुठे ते सांगत नाही. जिथे फाटल्यावर माणूस कुंपणाला पाठ घासत घरी जातो, तिथे फाटली. पँट नवी होती. म्हणजे तीनदाच घातलेली.

डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून मी बागेत जातो आणि चालवत नाही म्हणून बाकावर बसतो. त्या बाकाला एके काळी चार फळ्या असाव्यात, आता अडीच आहेत. त्या अडीचांपैकी अर्धीवर बसलो, दोन मिनिटांनी उठलो, टर्र झालं. घटना एवढीच. घरी जाऊन चिडचिड करून विसरलोही असतो, पण पलीकडच्या कठड्यावर एक गृहस्थ बसले होते.

"आठ," ते म्हणाले.

"काय आठ?"

"तुम्ही आठवे." असं म्हणून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि घड्याळात बघून वेळ टिपली.

मी मागे हात लावून नुकसानीचा अंदाज घेत होतो. तीन बोटं आत गेली. "तुम्हाला माहीत होतं इथं खिळा आहे?"

"खिळा?" त्यांचा चेहरा हळवा झाला. "अहो, त्याला मी लहानाचा मोठा होताना पाहिलंय. आधी नुसतं डोकं होतं, फळीशी अगदी सपाट. लाकूड पावसात पाणी पितं, फुगतं. उन्हात आकसतं. दर खेपेला खिळा केसभर वर येतो. चार पावसाळे झाले." खिशातून सहा इंची पट्टी काढून त्यांनी माप घेतलं. "नऊ मिलिमीटर. गेल्या महिन्यात आठ होता."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर बसला असतात?"

"नाही!"

"मग नुकसान झालं असतं?"

"नाही!!"

"मग अर्ज कशाच्या आधारावर करायचा?"

याला उत्तर असतं, पण ते फाटक्या पँटीत सुचत नाही. खिळ्याला माझ्या पँटीचा निळा धागा लटकत होता. मी तो ओढायला गेलो तर गृहस्थ किंचाळले, "हात लावू नका! पुरावा आहे तो!"

वही बघण्यासारखी होती. रकाने आखलेले: अ.क्र., दिनांक, वेळ, वस्त्र, नुकसानीचे स्वरूप, शेरा. अ.क्र. 3, ओढणी, टोकापासून मध्यापर्यंत, शेरा: 'हसल्या'. अ.क्र. 5, लहान मुलाची चड्डी, शेरा: 'रडला. नंतर आई रडली.' अ.क्र. 7, रेनकोट, शेरा: 'आता उपयोग नाही.' माझ्या ओळीत शेऱ्यापाशी पेन थांबलं.

"ओरडले लिहू, की शिवी दिली लिहू?"

"मी शिवी दिलेली नाही."

"दिलीत. पण सौम्य होती." आणि त्यांनी खरंच 'सौम्य' असं लिहिलं.

"हे बघा काका…"

"काका नको. अर्जदार म्हणा."

आता मला राग अनावर झाला होता. खिळ्याचा निम्मा, यांचा निम्मा. मी म्हटलं, "अर्जदार, एक दगड घ्या आणि ठोका तो खिळा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. चार पावसाळे कसली वाट बघताय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्यांना लाच देऊ केली होती. मग मला कठड्यावर बसवून (तो गुळगुळीत आहे ना, हे मी आधी हात फिरवून पाहिलं) समजावून सांगितलं. खिळा ठोकला की तक्रार निकाली निघणार. मग फळीचं काय? फळीला रंग लागून किती वर्षं झाली? रंग नाही म्हणून पाणी मुरतं, मुरतं म्हणून कुजते. बाकाचा लोखंडी पाय जिथे काँक्रीटमध्ये शिरतो तिथे पाणी साठतं, गंज धरतो, तो वरून दिसत नाही. झोपाळ्याची कडी झिजून निम्मी झालीय. कारंजं बंद, कारण पंप बंद. पंप बंद, कारण तो दुरुस्त करायचा कुणी हे ठरलेलं नाही. "खिळा निमित्तमात्र. मला खिळा नको, मला तरतूद हवी आहे. देखभाल-दुरुस्ती या शीर्षाखाली, दरवर्षी, न चुकता. ती सभागृहात होते, दगडाने होत नाही."

'तरतूद' हा शब्द त्यांनी एखाद्या नातीचं नाव घ्यावं तसा घेतला.

मागच्या वेळी त्यांनी तिघांच्या सह्यांचा अर्ज लोकप्रतिनिधींना दिला होता. उत्तर आलं, की तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असल्याने दप्तरी दाखल करण्यात येत आहे. तेव्हापासून त्यांनी ठरवलंय, की दहा नुकसानग्रस्त जमल्याशिवाय पुन्हा जायचं नाही. दहा माणसांच्या पँटी वैयक्तिक कशा असतील? तेव्हा रोज सकाळी कठड्यावर बसायचं आणि वाट बघायची. जाळं विणून बसलेला कोळीही एवढा निर्मळ मनाने बसत नसेल.

सही करायला टेकू हवा होता. साऱ्या बागेत सपाट, धड, न हलणारी अशी एकच गोष्ट आहे: उद्घाटनाची कोनशिला. काळाभोर दगड, सोनेरी अक्षरं, एक टवका उडालेला नाही. बाकाच्या फळीपेक्षा दगड लांब आहे हे मी वीत लावून पाहिलं. वर अकरा नावं आहेत. बाग कुणी आखली, झाडं कुणी लावली, यातलं काही नाही. प्रमुख पाहुणे कोण होते ते आहे. आणि शेजारी नियमांचा फलक: फुले तोडू नयेत. कुठली? फुलं कधीच संपली. नियम मात्र टवटवीत आहे.

मी दगडावर वाकून सही केली. वाकलो ही चूक झाली. मागून फेरी मारणारा एक घोळका गेला आणि त्यातून जे हसू फुटलं ते माझ्या कानात अजून आहे. अर्जदारांनी घाईघाईने पिशवीतून कागद काढले. "हे लावा मागे. गेल्या अर्जाच्या प्रती आहेत. बघा, आला की नाही उपयोगी!"

अशा रीतीने 'विषय: उद्यानातील दुरवस्थेबाबत' हे शब्द पाठीमागे धरून मी घरी आलो.

खरचटलंही होतं. खिळा गंजका म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं, आणि रात्री पालथं झोपावं लागलं. पालथ्या माणसाला मोबाईलशिवाय गती नाही. मी बागांचा इतिहास वाचत पडलो. लिव्हरपूलजवळ बर्कनहेड इथे 1847 मध्ये लोकांच्या पैशातून लोकांसाठी बाग उघडली, आखणी जोसेफ पॅक्स्टन यांची. तीन वर्षांनी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड नावाचा अमेरिकन ती बघून भारावून गेला. याच ओल्मस्टेड यांनी कॅल्व्हर्ट वॉक्सना जोडीला घेऊन 1858 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली. इथवर मी खूश होतो. मग आलं 1970 चं दशक. शहराची तिजोरी रिकामी, आणि त्या जगप्रसिद्ध बागेत मोडकी बाकं, रंगवून ठेवलेल्या भिंती, गवताच्या जागी माती. मला वाचून इतकं बरं वाटलं! पुढे 1980 मध्ये लोकांनी संस्था काढून बाग सावरली, आणि 1986 पासून बाक दत्तक देण्याची सोय झाली. पैसे द्या, देखभालीची पुंजी होते, बाकावर तुमच्या नावाची छोटी पट्टी लागते.

आपलं बाक दत्तक घ्यावं का, असा विचार क्षणभर मनात आला. पण पट्टी खिळ्यांनीच ठोकतील.

शिवाय मी का घ्यावं? कर भरतोच की. हे जे 'नागरिकांनी पुढे यावं' प्रकरण आहे, ते मला पटत नाही. पुढे आलो, बसलो, फाटली. आणखी किती पुढे यायचं? नवी बाग काढायला पैसे सापडतात, जुन्या बागेचा नट आवळायला नाही, कारण नटाला फीत बांधता येत नाही. नट आवळतानाच्या फोटोत माणूस पाठमोरा येतो. आणि खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिला हात देखभालीवरच पडतो, कारण यंदा रंग दिला नाही तर यंदा काहीच होत नाही. होतं ते चार पावसाळ्यांनी, माझ्यासारख्याला. अमेरिकेत तर राष्ट्रीय उद्यानांच्या अशा तुंबलेल्या दुरुस्त्यांचा रीतसर हिशेब ठेवतात, सरकारी पाहणीत. 2020 मध्ये तिथल्या लोकप्रतिनिधींनी कायदाच केला: उद्यानं आणि इतर सरकारी जमिनींवरच्या दुरुस्त्यांसाठी पाच वर्षं, दरवर्षी 1.9 अब्ज डॉलरपर्यंत. तरी पुढच्या काही वर्षांत एकट्या राष्ट्रीय उद्यानांचा अनुशेष 20 अब्जांच्या वर गेला. म्हणजे कायदा करूनही खिळा वर येतच होता. पण निदान तो किती वर आलाय हे मोजायला सरकारी माणूस आहे. आमच्याकडे अर्जदार आणि त्यांची सहा इंची पट्टी.

(बायकोचं म्हणणं, स्वयंपाकघरातला नळ दोन वर्षं गळतोय, त्याच्या तरतुदीचं काय. हा विषय वेगळा आहे.)

आज सकाळी पुन्हा बागेत गेलो. जुनी पँट घालून. बाकाकडे न बघता सरळ कठड्यावर जाऊन बसलो. अर्जदारांनी न बोलता सरकून जागा दिली. निळा धागा जागच्या जागी होता, वाऱ्यावर फडफडत होता.

साधारण पावणेआठला फाटकातून एक गृहस्थ आले. दोन फेऱ्या मारल्या, घाम पुसला, इकडेतिकडे बघितलं आणि बाकाच्या दिशेने निघाले. पांढरी पँट. कडक इस्त्रीची.

मी उठायला लागलो. "अहो…" एवढा शब्द तोंडातून निघालाही.

अर्जदारांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "नववा," ते हळूच म्हणाले.

मी खाली बसलो, आणि त्यांनी मागायच्या आत पेनाचं टोपण काढून दिलं.